जबाबात एक, आठवणीत दुसरं

‘मॅडम, तेव्हा सांगितलो ते एक आणि आता आठवतंय ते दुसरंच. मी खोटा ठरणार काय?’

निपाणी, चिकोडी, खानापूर, खुद्द बेळगाव शहर, सगळीकडची माणसं पोलिसांना जबाब दिल्यावर हा प्रश्न घेऊन माझ्याकडे, म्हणजे समुपदेशकाकडे येतात. कुणी महामार्गावरचा अपघात पाहिलेला असतो, कुणी बांधावरची मारामारी. प्रकरणं निरनिराळी असली तरी काळजी एकच असते आणि तिच्यापायी चांगली, सरळ माणसं झोप घालवून बसतात. म्हणून एका गृहस्थांची हकीकत सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांना आपण दादा म्हणू.

दादांची रस्त्याकडेला चहाची टपरी. एका रात्री टपरी बंद करताना समोर भांडण पेटलं आणि एकानं दुसऱ्यावर कोयता चालवला. जखमी माणूस वाचला. दादांना पोलिसांच्या गाडीतून ठाण्यात नेलं आणि मध्यरात्र उलटल्यावर त्यांचा जबाब लिहून घेतला. दादा बोलले मराठीत, कागदावर उतरलं कानडीत. दादांना कानडी बोलता येतं, वाचता येत नाही. पुढे बऱ्याच महिन्यांनी कोर्टाचं समन्स आलं आणि त्यांच्या हातापायातलं बळच गेलं.

पहिल्या भेटीत ते म्हणाले, ‘जबाबात आहे म्हणतात त्यातलं निम्मं मला आठवेना झालंय. आणि मला आठवतंय त्यातलं निम्मं जबाबात नाही. तुम्ही संमोहन करा आणि सगळं आठवून द्या.’

मी स्पष्ट नकार दिला. ही मागणी माझ्याकडे बरेचदा येते, म्हणून इथेच सांगते. संमोहनानं आठवण खरी होत नाही, तिच्यावरचा विश्वास तेवढा वाढतो. साक्षीदाराच्या बाबतीत याहून घातक काही नाही. टीव्ही पाहून कुणी नार्कोचंही, म्हणजे औषधानं गुंगी आणून बोलतं करायच्या चाचणीचंही नाव काढतं. सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१० सालीच सांगितलं आहे की, संमतीशिवाय अशी चाचणी कुणावरही करता येणार नाही. बुजलेल्या आठवणी खणून काढणं समुपदेशकाचं काम नाही. माणसाला त्याच्या आठवणीसमोर न घाबरता बसता यावं, एवढं मी करू शकते आणि ते मला जमतं.

दादांना काय आठवत होतं? कोयता. त्याच्या मुठीला गुंडाळलेली निळी चिंधी, पात्यावर पडलेला बल्बचा उजेड. मारणाऱ्याचा चेहरा मात्र धूसर. ‘इतकं जवळून बघितलो, खरं चेहरा दिसेना. असं कसं हो?’ (आमच्या भागातलं हे ‘खरं’ म्हणजे ‘पण’.)

असंच होतं. जिवाला धोका दिसला की नजर हत्याराला चिकटते, भोवतालचं सुटतं. त्या क्षणी शरीर जीव वाचवायच्या कामाला लागलेलं असतं, नोंदी ठेवायच्या कामाला नाही. अमेरिकन सैनिकांवरचा एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. प्रशिक्षणाचा भाग म्हणून त्यांना उपाशी आणि जागं ठेवून दरडावत चौकशी केली होती. समोर अर्ध्या तासाहून जास्त वेळ बसलेला माणूस दुसऱ्या दिवशी ओळखतानाही त्यांच्यातले कितीतरी चुकले. सौम्य चौकशी करणाऱ्याची ओळख त्यामानानं बरीच बरोबर निघाली. तयारीच्या सैनिकांची ही गत, तर टपरी आवरणाऱ्या माणसाकडून काय अपेक्षा ठेवायची?

हे ऐकून दादांना बरं वाटलं, पण गाठ सुटली नाही. पुढच्या भेटीत ते पुन्हा तिथंच. ‘खरं मला आठवायलाच पाहिजे. साक्षीदार आहे मी.’

हा ‘च’ ऐकला की माझे कान टवकारतात. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारसरणीत वाढलेली समुपदेशक आहे. माणसाला घटनेपेक्षा तिच्याभोवती त्यानं उभा केलेला हट्ट जास्त छळतो, हे मी रोज पाहते. मी विचारलं, ‘आठवलंच पाहिजे, हे कुठल्या कायद्यात लिहिलंय?’

‘कायद्यात नसंल. खरं लोक काय म्हणतील?’

‘आणि आठवत नसलेलं आठवतं म्हणून सांगितलंत, तर तुम्हीच तुम्हाला काय म्हणाल?’

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘त्या लाल शर्टाचं तसंच झालंय.’

मी शर्टाचा विषयही काढला नव्हता. हल्लेखोरानं लाल शर्ट घातला होता असं त्यांनी जबाबात सांगितलं होतं आणि नेमका तोच तपशील त्यांना खात होता. डोळे मिटले की शर्ट दिसायचा, पण कधी लाल, कधी बिनरंगाचा. तो लाल असावा की नसावा, यावर मी अवाक्षर काढलं नाही. एवढंच विचारलं, ‘हे तुम्हाला कुठून कळलं?’

‘बघितलो की.’ मग थांबले. कपाळ चोळलं. ‘नाही. थांबा. गाडीतनं जाताना शेजारचा पानपट्टीवाला म्हणत होता, लाल शर्टवाला, लाल शर्टवाला. मी... मी रंग बघितलोच नाही, मॅडम. मी कोयताच बघत होतो.’

त्यांना रडू आलं. मी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि बोलले नाही. बरेच महिने हा माणूस स्वतःला खोटारडा समजत होता. तो खोटं बोलला नव्हता. ऐकलेली गोष्ट पाहिलेल्या गोष्टीत मिसळली होती आणि तो सांधा त्याला दिसत नव्हता. ‘काय आठवतं?’ या प्रश्नानं साक्षीदार आणखी ताणला जातो आणि रिकाम्या जागा भरू लागतो. ‘हे कुठून कळलं?’ या प्रश्नानं तो सैल होतो आणि उसनं आलेलं आपण होऊन बाजूला ठेवतो. इतकी वर्षं माणसं ऐकल्यावर मला हे उमगलं आहे आणि मी ते फार मोलाचं मानते.

आठवण अशी बदलते, यात दादांचं वेगळं काही नाही. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली लोकांना गाड्यांच्या टकरीची चित्रफीत दाखवली. प्रश्नात ‘टकरल्या’ऐवजी ‘चिरडल्या’सारखा जोरकस शब्द आला, की लोक वेग जास्त सांगत. आठवड्यानंतर त्यांच्यातल्या जास्त जणांना फुटलेल्या काचाही आठवल्या. चित्रफितीत काचा नव्हत्याच. जिथं एका क्रियापदानं एवढं होतं, तिथं गाडीभर माणसांच्या बोलण्यानं रंग बदलला तर नवल काय?

मग जबाब कधी द्यावा? लगेच की सावरल्यावर? मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ सालीच दाखवलं की विसरणं पहिल्या काही तासांत सर्वांत वेगानं होतं, पुढं मंदावतं. म्हणजे थांबण्यात तोटा आहे. पण हादरलेल्या, जागरण झालेल्या माणसाकडून सलग हकीकत येत नाही, हेही खरं. अमेरिकेत गोळीबारात सापडलेल्या पोलिसांची सविस्तर मुलाखत दोन-तीन दिवसांनी घ्यावी, अशी शिफारस तिथल्या पोलीस प्रमुखांच्या संघटनेनं केली होती. संशोधकांत त्यावर वाद आहे. माझं मत विचाराल, तर मुख्य गोष्टी लगेच सांगाव्यात आणि तपशिलासाठी झोप झाल्यावर पुन्हा बसावं. नंतर काही नवं आठवलं, तर ते नवं आहे म्हणून संशयानं पाहू नये आणि नवं आहे म्हणून त्याला घट्ट धरूनही बसू नये. तपास अधिकाऱ्याला तसं सांगावं.

त्याआधी एक काम मी प्रत्येकाला सांगते. घरी आल्यावर, कुणाशीही चर्चा करण्याआधी, पाहिलेलं स्वतःच्या शब्दांत, आपल्या भाषेत लिहून काढा. तारीख आणि वेळ घाला. जे दिसलं नाही तिथे ‘दिसलं नाही’ असंच लिहा. लिहिता येत नसेल तर मोबाइलवर बोलून ठेवा. आठवण ताजी असताना स्वतः लिहिलेला कागद साक्षीच्या वेळी पाहण्याची मुभा कायद्यात आहे. ती द्यायची का, हे न्यायालय ठरवतं. सहसाक्षीदाराशी हकीकत जुळवत बसू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी क्लिप पुन्हा पुन्हा पाहू नका. घरच्यांनाही सांगणं आहे, पाहुणा आला की ‘सांग की रे, त्या दिवशी काय झालं’ म्हणून साक्षीदाराला उभं करू नका. दर वेळच्या सांगण्यात थोडा रंग चढतो आणि तोच मग आठवण होऊन बसतो.

जबाब देताना तो तुमच्या भाषेत वाचून दाखवा म्हणावं. यात कुणाचा अपमान नाही. आमच्या भागात कानडी लिहिणारे अनेक पोलीस मराठी चांगलं बोलतात आणि विचारलं तर समजावूनही सांगतात. बायकांना आणि साठीच्या पुढच्या पुरुषांना जबाबासाठी घराबाहेर ठाण्यात बोलावण्याची सक्ती करता येत नाही, हेही लक्षात असू द्या. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही लागत नाही. तो जबाब म्हणजे पुरावा नव्हे. कोर्टात तुम्ही जे सांगता तो पुरावा. जबाबाशी विसंगती दिसली तर उलटतपासणीत वकील त्यावर बोट ठेवणार, ते त्याचं कामच आहे. त्याला उत्तर द्यायला लाजायचं कारण नाही. भरवाडा भोगिनभाई विरुद्ध गुजरात राज्य या १९८३ सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानंच म्हटलं आहे की, साक्षीदाराची स्मृती छायाचित्रासारखी असावी अशी अपेक्षा धरता येत नाही आणि मनाच्या पडद्यावर व्हिडिओ टेप लावल्यासारखं त्याला सगळं दिसत नाही.

शर्टाचं जे उमगलं, ते साक्षीच्या आधी सरकारी वकिलांना सांगा, असं मी दादांना म्हटलं. काय सांगायचं ते मी शिकवलं नाही आणि शिकवणारही नाही. दादा गेले, बोलले. कोर्टात उलटतपासणीला शर्टाचा प्रश्न आलाच. ‘रंग मी स्वतः बघितलो नाही, दुसऱ्याकडनं ऐकलो. कोयता बघितलो’, एवढं त्यांनी सांगितलं. वकिलांनी आवाज चढवला तेव्हाही उत्तर तेच. निकाल काय लागायचा तो लागेल. साक्षीच्या रात्री ते गाढ झोपले, असं त्यांच्या बायकोनं मला फोनवर सांगितलं.

सगळ्यांचं इतक्यात भागत नाही. घटनेला महिना उलटून गेला तरी तेच दृश्य अंगावर येत असेल, त्या रस्त्यानं जाणं टळत असेल, दचकून जाग येत असेल, तर साक्षीची तारीख कधी आहे याची वाट न पाहता मनोविकारतज्ज्ञांना भेटा. जवळपास कुणी नसेल तर १४४१६ या टेली-मानसच्या सरकारी क्रमांकावर फोन करा. पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलता येतं आणि कानडीतही.