वाचकांचे प्रश्न : जीव कडू झाला तर ते पाप आहे का?

प्रश्न : पाळकसाहेब, सप्रेम सलाम. मी अंबड तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. दीड वर्षापूर्वी माझा मुलगा मोटारसायकलवर जालन्याला जाताना अपघातात गेला. एकोणीस वर्षांचा होता. त्याच्या चपला अजून बाजेखाली तशाच आहेत. मागच्या महिन्यात शेजारणीच्या मुलाच्या साखरपुड्याचे पेढे आले. मी डबा न उघडता फडताळात ठेवला. चार दिवसांनी मुंग्यांची रांग लागली तेव्हा आठवण झाली. शेजारीण वाईट नाही, तरी तिचं हसणं मला सहन होत नाही. महिला मंडळात सांगतात, "तुझ्यात कडूपणाचं मूळ रुजलंय, इब्री १२:१५ वाच आणि ते उपटून टाक, नाहीतर सगळी मंडळी विटाळेल." कुणी विचारलं तर मी "बरं हाय" म्हणते. सकाळी उठूच नये असं वाटतं. नीतिसूत्रे १४:१० मध्ये तर लिहिलंय की आपल्या मनाचं कडूपण ज्याचं त्यालाच ठाऊक. मग हे पाप आहे की नाही? मूळ हिब्रूत काय आहे ते सांगा.
— एक भगिनी

उत्तर : ताई, सलाम. पाप नाही. आधी एवढं सांगतो, मग मूळ भाषेकडे जातो.

तुम्ही विचारलेल्या ओळीचे हिब्रू शब्द असे आहेत : "लेव योदेआ मोर्रत नफ्शो". लेव म्हणजे हृदय, योदेआ म्हणजे जाणतं, आणि मोर्रत नफ्शो म्हणजे आपल्या नेफेशचं कडूपण. मोर्रत मधला तो दुहेरी 'र' पाहा. हिब्रूत 'र' सहसा दुहेरी होत नाही, अख्ख्या शास्त्रात अशा जागा मोजक्याच. सेमिनरीत आमच्या मास्तरांनी हा शब्द फळ्यावर लिहून त्यातल्या, अक्षर दुहेरी असल्याचं दाखवणाऱ्या ठिपक्याभोवती खडूनं गोल काढला होता. तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. परीक्षेसाठी ठिपका पाठ केला, कडूपण काही कळलं नाही.

नेफेश म्हणजे काय, हे आपल्या मराठीत फार सोपं आहे. या शब्दाचा मूळ अर्थ घसा. त्यावरून श्वास, त्यावरून जीव. एकोणसत्तराव्या स्तोत्रात पाणी नेफेशपर्यंत चढलं असं म्हटलंय, म्हणजे गळ्यापर्यंत आलं. आपला 'जीव' अगदी तसाच आहे. तो लागतो, तुटतो, टांगणीला लागतो, विटतो. म्हणून मोर्रत नफ्शो मी 'जिवाचं कडूपण' असं वाचतो. ही मनात धरलेली अढी नाही. घशात अडकलेली चव आहे. औषधाची गोळी जिभेवर विरघळली की वर पाणी प्यालं तरी कडू लागतं, तसं.

आता इब्री १२:१५. मंडळातल्या बहिणींनी हे वचन प्रेमानंच दिलं असेल, पण ते त्यांनी चुकीच्या माणसाला दिलं. इब्री पत्रातले कडूपणाच्या मुळाचे ते शब्द बायबलच्या 'अनुवाद' या पुस्तकातून, २९:१८ मधून, आलेले आहेत. तिथे विष आणि कडूदवणा उपजवणारं मूळ कोण? तो शोकात बसलेला माणूस नाही. परमेश्वराला सोडून दुसऱ्या दैवतांमागे गेलेला माणूस आहे. आणि पुढच्याच वचनात तो मनातल्या मनात स्वतःला आशीर्वाद देत म्हणतो, "मी माझ्या हेक्यानं चाललो तरी माझं शालोमच होईल." म्हणजे माझं सगळं बरंच होणार. ज्याला काहीच दुखत नाही, त्याचं ते मूळ आहे. तुमचं दुखतंय, ताई. तुमच्यावर हे वचन लागू होत नाही.

शालोम हा शब्द लक्षात ठेवा, कारण शास्त्रात एका बाईनं तो तुमच्या "बरं हाय"सारखाच वापरलाय. २ राजे, अध्याय ४. शूनेम गावची बाई. कापणीचे दिवस, लेकरू बापाकडे शेतात गेलं आणि "माझं डोकं, माझं डोकं" म्हणू लागलं. गड्यानं उचलून आईकडे आणलं. दुपारपर्यंत तिच्या मांडीवर होतं, मग गेलं. तिनं त्याला नेऊन अलीशा संदेष्ट्याच्या बाजेवर ठेवलं, दार लावलं आणि नवऱ्याला निरोप धाडून गाढवी मागितली. नवरा म्हणाला, "आज का जातेस? आज ना नवचंद्राचा दिवस ना शब्बाथ." ती म्हणाली, "शालोम." डोंगरावर अलीशाचा चाकर गेहजी पुढे आला. तुझं बरं आहे का, नवऱ्याचं, लेकराचं बरं आहे का? ती म्हणाली, "शालोम." लेकरू घरात मेलेलं, आणि दोन्ही वेळा "बरं हाय".

मग ती अलीशाजवळ पोहोचली आणि तिनं त्याचे पाय धरले. गेहजी तिला बाजूला लोटायला सरसावला. तेव्हा अलीशा म्हणाला, तिला राहू दे, तिचा जीव तिला कडू झालाय, आणि परमेश्वरानं ते माझ्यापासून लपवून ठेवलं, मला सांगितलं नाही.

हे वाक्य मी आता पंचेचाळीस वर्षं वाचतोय. देवाचा एवढा मोठा माणूस म्हणतो की मला कळलं नाही. नीतिसूत्राची ओळ तेच सांगते. आपल्या जिवाचं कडूपण हृदयालाच कळतं, म्हणून बाहेरच्यानं हात आखडता घ्यावा. ती ओळ तुम्हाला एकटं पाडायला लिहिलेली नाही, आम्हाला थांबवायला लिहिलेली आहे.

मी थांबलो नव्हतो. पैठण तालुक्यातल्या एका वस्तीवर मी नवा पाळक असताना एका आईचं लेकरू विहिरीत बुडालं. पेटी खाली सोडायच्या वेळी तिनं दोन्ही हातांनी पेटीची कडी धरली आणि सोडेना. ऊन चढत होतं, लोक घाईत होते. मी तिची बोटं एकेक करून सोडवली आणि म्हणालो, "बाई, विश्वास ठेवा." तिच्या करंगळीला माती लागलेली होती, ती मला अजून दिसते. त्या दिवशी मी गेहजी होतो. चार वर्षांपूर्वी माझी पत्नी गेली, तेव्हा पुष्कळ जण वचनं घेऊन आले. माझ्या शेजारची मावशी मात्र दोन भाकरी आणि येसराची आमटी घेऊन आली, ओट्यावर तासभर बसली, डबा धुऊन घेऊन गेली. एक शब्द बोलली नाही. ईयोबाचे मित्रही सात दिवस सात रात्री जमिनीवर न बोलता बसले होते. त्यांचं चुकलं ते तोंड उघडल्यावर. यावरूनच ज्यू लोकांत आजही रीत आहे की शोक करणारा बोलेपर्यंत सांत्वनाला आलेल्यानं बोलायचं नाही.

आता जे टाळता येणार नाही ते बोलतो. शूनेमच्या बाईचं लेकरू उठलं. तुमचं उठलेलं नाही. म्हणून ती गोष्ट इथेच ठेवून मी तुम्हाला नामीकडे नेतो, कारण तिचे कुणीच परत आले नाहीत.

बेथलेहेम म्हणजे भाकरीचं घर, आणि दुष्काळ पडला तो तिथेच. आपल्याकडे दिवाळीनंतर बीड-जालन्याची माणसं बिऱ्हाड बांधून ऊसतोडीला जातात, तसं नामीचं कुटुंब मवाब या परक्या मुलखात गेलं. तिथे नवरा गेला, मग दोन्ही मुलं गेली. ती परतली तेव्हा गावातल्या बाया म्हणू लागल्या, ही नामीच का? ती म्हणाली, मला नामी म्हणू नका, मारा म्हणा, कारण सर्वसमर्थानं माझं फार कडू केलंय. मी भरलेली गेले, त्यानं मला रिकामी आणली. मारा म्हणजे कडू, मोर्रत मधलाच तो शब्द. आपल्या कानाला त्यात मार ऐकू येतो, आणि मला वाटतं तेही काही चूक नाही.

तिची सून रूथ शेजारी उभी होती. 'मी आहे ना, रिकामी कशी?' असं ती म्हणाली नाही. गावातल्या बायांनीही खडसावलं नाही. लिहिणाऱ्यानं पुढच्या ओळींत तिला नामीच म्हटलं, पण तिचं बोलणं पुसलं नाही. देवावरचा तिचा आरोप शास्त्रात जसाच्या तसा उभा आहे.

नामी या नावाचा अर्थ रम्य, म्हणजे आपल्याकडचं मनोरमा. हे वाचताना मला दरवेळी पंडिता रमाबाई आठवतात. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील उपासमारीनं गेले. पुढे केडगावला त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बायांना कळावं म्हणून सोप्या मराठीत अख्खं बायबल उतरवायला बसल्या. हे काम चालू असतानाच १९२१ साली त्यांची एकुलती एक मुलगी गेली. तिचं नाव मनोरमा. पुढच्या वर्षी रमाबाई गेल्या, आणि भाषांतर १९२४ साली छापून झालं. मुलगी गेल्यावर नामीची ही गोष्ट असलेल्या रूथच्या पुस्तकाचं पहिलं पान वाचताना त्यांना काय झालं असेल, हे त्यांच्या हृदयालाच ठाऊक.

पेढ्यांबद्दल. नीतिसूत्रातल्या त्या वचनाचा दुसरा अर्धा भाग सहसा कुणी वाचत नाही. हृदयाच्या आनंदातही परका मिसळू शकत नाही, असं पुढे लिहिलंय. शेजारणीच्या आनंदात तुम्ही आज मिसळू शकत नाही, हे शास्त्राला आधीच माहीत आहे. तरी एक सावधपणा सांगतो. दाविदाच्या माणसांना शास्त्रात कडू जिवाचे म्हटलंय, आणि लगेच पुढे म्हटलंय की ते पिल्लं हिरावलेल्या अस्वलिणीसारखे आहेत. कडू जीव चावूही शकतो. शेजारणीला एकदा सरळ सांगा, "तुझ्यावर राग नाही, मला अजून जमत नाही." ती चांगली बाई आहे असं तुम्हीच लिहिलंय, तिला कळेल.

आणि बोला. मूल होत नसलेली हन्नाही कडू जिवाचीच होती, १ शमुवेल १:१० मध्ये हाच शब्द आहे. ओठ हलत होते, आवाज नव्हता, म्हणून एली याजकाला ती प्यालेली वाटली. ती म्हणाली, मी प्यालेली नाही, मी माझा जीव परमेश्वरापुढे ओतलाय. एलीनं ऐकलं, शांतीनं जा म्हणाला. ती उठली, जेवली आणि तिचा चेहरा पहिल्यासारखा राहिला नाही. अजून मूल झालेलं नव्हतं, दिवसही गेले नव्हते. घशातलं बाहेर पडलं होतं, एवढंच. तुम्हाला शब्द सुचत नसतील तर अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र मोठ्यानं वाचा. त्याचा शेवटचा शब्द अंधार आहे, आणि तसंच ते प्रार्थना म्हणून ठेवलंय.

"सकाळी उठूच नये" हे तुमचं वाक्य मी तीनदा वाचलं. एलीया संदेष्टाही झाडाखाली पडून म्हणाला होता, आता माझा जीव घे. देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं, भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा जेवायला उठवलं. तुम्ही नीट जेवताय का, झोप लागते का, हे मला कळवा. जीव नकोसा वाटला तर त्याच घटकेला घरात कुणाला तरी उठवा, नाहीतर १४४१६ या टेलिमानसच्या नंबरवर फोन करा. तो मोफत आहे आणि रात्रीही लागतो. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जाऊन हे डॉक्टरांना सांगण्यातही विश्वास कमी पडत नाही. चपला बाजेखालीच राहू द्या. त्या उचलायची घाई कुणाला करू देऊ नका. मी पुढच्या महिन्यात जालन्याला येतोय, चालत असेल तर घरी येईन. वचन आणणार नाही, बसायला येईन.

प्रश्न : ज्यू लोकांच्या वल्हांडण सणाच्या जेवणात कडू भाजी का असते? ती आणि नामीचा 'मारा' एकच का?
— एक तरुण वाचक, लातूर

उत्तर : हो, मूळ एकच. त्या भाजीला मारोर म्हणतात. मिसऱ्यांनी इस्राएलांचं जिणं कडू केलं असं निर्गम १:१४ मध्ये आहे, त्याची ती आठवण. हिब्रू आपल्याला वाटते तेवढी परकी नाही. कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू लोकांसाठी मिशनरी जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रू व्याकरण मुंबईत १८३२ सालीच छापलं होतं, आणि या जेवणाच्या वेळी वाचायची हगादा हिब्रू आणि मराठीत पुण्यात १८७४ साली निघाली. तालमूद या ज्यूंच्या जुन्या धर्मग्रंथात या भाजीचा एक नियम आहे. बेखमीर भाकर कुणी न चावता गिळली तरी विधी पुरा होतो. मारोर गिळून टाकला तर होत नाही. तो चावावा लागतो.