आलेलं किती, उरलेलं किती?

लातूरला माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारी पंचविशी-तिशीतली मुलं हल्ली बोलायला लागण्याआधी मोबाईल पुढं करतात. स्क्रीनवर कुणाच्या तरी नावापुढं एक आकडा असतो. कुणी शेअर बाजारातल्या ऑप्शनवाल्याचा दाखवतं, कुणी यूट्यूबवाल्याचा, कुणी पोकर खेळणाऱ्याचा. “एकूण कमाई इतके कोटी, अंदाजे संपत्ती इतके कोटी. मॅडम, याला जमतं तर मला का नाही?” आणि बाहेर बाकावर बसलेल्या आई-बापांचा प्रश्न असतो, “या नादातून लेकराला बाहेर कसं काढायचं?” दोन्ही प्रश्न इतक्यांदा ऐकले, की एका मुलाबद्दल लिहावंसं वाटलं. त्याची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा औसा तालुक्यातला. वडिलांची पाच एकर कोरडवाहू. पुण्यात इंजिनिअरिंग केलं, तिथंच लहानशी नोकरी लागली, ती सोडून स्पर्धा परीक्षेसाठी लातूरला खोली घेतली. अभ्यास दिवसा, पोकर रात्री. सुरुवातीला जिंकला, ते पैसे त्यानं घरीही दिले होते. मग हरत गेला, हरलेलं परत मिळवायला आणखी मोठे डाव लावत गेला. मित्रांची उसनवारी झाली, कर्ज देणारी अ‍ॅप्स झाली. वसुलीवाल्यांचा फोन वडिलांना गेला तेव्हा सगळं मिळून चार लाखांच्या आसपास देणं होतं.

“रात-रात पत्ते खेळायलंय मॅडम मोबाईलवर. आमच्या खानदानात कुणी पत्त्याला हात लावला नाही,” वडील म्हणाले. मुलगा खाली बघत होता. त्यांना थोडा वेळ बाहेर बसायला सांगितल्यावर तो बोलला.

“अण्णांना वाटतं हा जुगार आहे. मॅडम, ख्रिस मनीमेकर साधा अकाउंटंट होता. ८६ डॉलर भरून ऑनलाइन स्पर्धा खेळला, तिथून २००३ च्या जागतिक स्पर्धेत गेला आणि २५ लाख डॉलर जिंकला. आणि हा बघा डॅनियल नेग्रानू. आयुष्यभराची कमाई पाच कोटी डॉलरच्या वर.”

अशा वेळी ‘हे सगळं नशिबाचं असतं, तुझ्यासारख्यांचं काम नव्हे’ असं बोलायचा मोह घरच्यांना होतो. मी तसं म्हणत नाही. पोकरमध्ये कौशल्य असतं, हे खरंच आहे, आणि ते नाकारलं की मुलगा पुढचं काही ऐकत नाही. माझा विश्वास अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारपद्धतीवर आहे. माणसाला परिस्थितीइतकाच, किंबहुना त्याहून जास्त, परिस्थितीबद्दलचा स्वतःचा समज छळतो. म्हणून मी समज शोधत बसते, आणि तो तपासायचं काम ज्याचा समज त्याच्याकडूनच करून घेते.

पुढच्या काही भेटी झोप, कर्ज आणि रात्रीची वेळ मार्गी लावण्यात गेल्या. त्याबद्दल पुढं सांगते. वळण आलं ते एका साध्या प्रश्नानं.

“घरच्या शेतीचा हिशोब कोण ठेवतं?”

“मीच. अण्णांना आकडेमोड जमत नाही.”

“मागच्या वर्षी सोयाबीनचे किती झाले?”

“चाळीस क्विंटल. ४,२०० चा भाव लागला. १,६८,००० ची पट्टी झाली.”

“म्हणजे अण्णांची कमाई १,६८,०००.”

तो हसला. आमच्या खोलीत पहिल्यांदा. “असं कसं मॅडम? बियाणं, खत, तणनाशक, फवारण्या, काढणीचं गुत्तं, मळणी, हमाली, तोलाई. लाखाच्या वर तर तेच गेलं. हातात ५८,००० राहिले.”

“आणि त्यांच्या आयुष्यभराच्या सगळ्या पट्ट्यांची बेरीज करून, ‘औशाच्या शेतकऱ्याची एकूण कमाई’ म्हणून कुणी छापली तर?”

“तर काय, खोटंच की ते.” आणि तो थांबला. बराच वेळ गप्प होता. मीही काही बोलले नाही. वर्षानुवर्षं या खुर्चीत बसून मी जर काही शिकले असेन, तर अशा वेळी तोंड बंद ठेवायला. समोरच्याच्या डोक्यात गणित चालू असतं आणि उत्तर त्याचं त्यालाच सापडायला हवं.

पुढच्या वेळी तो वही घेऊन आला. पोकरच्या स्पर्धांची बक्षिसं हेंडन मॉब नावाच्या संकेतस्थळावर नोंदलेली असतात आणि ‘आयुष्यभराची कमाई’ म्हणून जो आकडा फिरतो तो बहुधा तिथून उचललेला असतो. त्यात फक्त मिळालेलं बक्षीस धरलेलं असतं. स्पर्धेत बसायला भरलेले पैसे वजा नसतात, न जिंकलेल्या स्पर्धांचे तर नसतातच. प्रवास, हॉटेल, कर यांचा पत्ता नाही. बरेच खेळाडू स्वतःच्या डावातला वाटा आधीच दुसऱ्यांना विकतात, म्हणजे बक्षिसाचा मोठा भाग त्यांच्याकडे येतच नाही. (“बटईनंच खेळतात म्हणा की,” हे वडिलांचं वाक्य, त्यांना नंतर सांगितलं तेव्हाचं.) शिवाय रोख पैशांच्या खेळात जे मिळतं किंवा जातं, ते या नोंदीत येत नाही.

“आणि हे बघा,” त्यानं पान उलटलं. नेग्रानू हा त्या धंद्यातला दुर्मीळ माणूस, स्वतःचा वर्षाचा हिशोब जाहीर करणारा. २०१७ मध्ये त्याला सुमारे २८ लाख डॉलरची बक्षिसं मिळाली. पण त्या वर्षी स्पर्धांचं प्रवेशशुल्कच त्यानं त्याहून जास्त भरलं होतं. वर्ष तोट्यात गेलं.

“मॅडम, तोट्याचं वर्ष. आणि त्याच वर्षी त्याची ‘एकूण कमाई’ २८ लाखांनी वाढली.”

हे वाक्य मी त्याला दिलेलं नव्हतं. ते त्यानं खोदून काढलं होतं, आणि म्हणूनच ते टिकलं. मी दहा व्याख्यानं दिली असती तरी जे झालं नसतं, ते त्या एका पानानं केलं.

संपत्तीच्या आकड्याचीही त्यानं तशीच झडती घेतली. दोन संकेतस्थळांवर दोन वेगळे आकडे, आणि ते कसे काढले याचा कुठंच पुरावा नाही. नेग्रानूच्या बाबतीत तर पोकर कंपन्यांच्या जाहिरातीचं उत्पन्न वर्षानुवर्षं वेगळं आहे. ते पत्त्यांतून आलेलं नाही, नावातून आलेलं आहे. वहीच्या शेवटी स्टू उंगर होता. १९८०, १९८१ आणि १९९७ असा तीनदा जागतिक विजेता. १९९७ चं बक्षीस दहा लाख डॉलर, त्यातलं निम्मं प्रवेशशुल्क भरणाऱ्या भागीदाराचं. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लास व्हेगासच्या एका मोटेलमध्ये ४५ व्या वर्षी तो मेलेला सापडला. अंमली पदार्थ आणि पैजा यांत सगळं गेलं होतं. अंत्यविधीसाठी ओळखीच्यांनी वर्गणी काढली. उंगरची गोष्ट मी स्वतःहून कुणाला सांगत नाही. घाबरवून सुटलेलं व्यसन भीती ओसरली की परत येतं. पण त्याला ती स्वतः सापडली होती, म्हणून आम्ही तिच्यावर बोललो.

यातून मला जे दिसलं ते पोकरपुरतं नाही. हा मुलगा दुसऱ्याचं आलेलं आणि स्वतःचं उरलेलं, ही दोन टोकं समोरासमोर ठेवून रोज हरत होता. त्या तुलनेत जिंकणं शक्यच नव्हतं. आणि ही सवय त्याला मोबाईलनं लावली नव्हती. वडिलांना आत बोलावल्यावर मी विचारलं, “नातेवाइकांतल्या मुलांचं घरी काय बोलणं होतं?” ते म्हणाले, “ह्याच्या मावसभावाला पुण्यात अठरा लाखांचं पॅकेज हाय. तेवढं एकदा बोललोय मी.”

“एकदा?” मुलगा हळूच म्हणाला.

मी वडिलांना विचारलं, त्या पॅकेजमधून घराचा हप्ता, गाडीचा हप्ता, भाडं, लेकराची फी गेल्यावर काय राहतं? त्यांना माहीत नव्हतं. मग ते स्वतःच म्हणाले, “म्हणजे मीबी पट्टीच बघायलोय. खर्च बघितलाच नाही.” सोयाबीनचा पैसा न् पैसा वजा करणारा माणूस लोकांच्या मुलांची मात्र नुसती पट्टी बघत होता. ते ऐकून मुलगा रडला. चार लाखांपेक्षा मोठं ओझं तिथं होतं.

तरी काम संपत नाही. “ठीक आहे, तो आकडा फुगवलेला आहे. पण माझा तर उणे चार लाख आहे ना,” हे त्यानं पुढच्याच भेटीत म्हटलं. इथं मी ठाम असते. कर्ज उणे आहे, तो माणूस उणे नाही. रात्री दोनला डाव लावण्याचा निर्णय चुकीचा होता, असं मी स्पष्ट म्हणते. पण एका निर्णयावरून अख्ख्या माणसाला गुण द्यायचं गणित अस्तित्वात नाही, आणि नेग्रानूलाही ते लागू पडत नाही. हे पटायला वेळ लागतो. रोज थोडं थोडं घासावं लागतं.

आता घरच्यांसाठी. पहिल्याच दिवशी ‘किती घालवलेस?’ विचारू नका, मुलं निम्मा आकडा सांगतात आणि उरलेला लपवायला पुन्हा खेळतात. ‘कुणाकुणाचं देणं आहे?’ असं विचारा आणि सोबत बसून कागदावर लिहून काढा. जमीन विकून किंवा दागिने मोडून एका झटक्यात सगळं फेडू नका. पाटी कोरी झाली की हात पुन्हा शिवशिवतात. आमच्या मुलानं पुन्हा नोकरी धरली, पगार काही काळ वडिलांच्या खात्यात गेला, आणि हप्ते त्याच्याच कमाईतून गेले. अ‍ॅपची वसुली करणारे धमक्या देत असतील, नातेवाइकांना फोन लावत असतील, तर पोलिसांकडे जायला लाजू नका. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं केलेल्या कायद्यानं पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले, कौशल्याचे असोत की नशिबाचे. शिक्षा खेळ चालवणाऱ्यांना आणि जाहिरात करणाऱ्यांना आहे, त्या कायद्यात खेळणाऱ्याला नाही. त्या भीतीनं मदत घेणं टाळू नका. मात्र कायदा आला म्हणून ओढ संपली, असंही समजू नका. आमचा मुलगा त्याच काळात परदेशी संकेतस्थळांच्या वाटा शोधत होता.

हरलेलं परत मिळवण्यासाठी खेळणं, खोटं बोलणं, न खेळल्यावर चिडचिड होणं, ही आजाराची लक्षणं आहेत. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ पासून जुगाराचा विकार दारू आणि अंमली पदार्थांच्याच गटात ठेवला आहे. तेव्हा मानसोपचारतज्ज्ञाकडं न्यायला कमीपणा वाटू देऊ नका. आणि मुलाच्या बोलण्यात ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असं काही आलं, तर त्याला एकटं सोडू नका. त्याच रात्री १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

हा मुलगा मध्यंतरी एकदा पुन्हा खेळला. कुणी पकडलं नाही. तो आपणहून आला आणि वही उघडून मला ती रक्कम दाखवली, खर्चाच्या बाजूला लिहिलेली. वडिलांनी ती आधीच वाचली होती.