सोमवारच्या आधी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

काल तुझ्या आईचा फोन आला. हॉजकिन्स लिम्फोमा, म्हणजे लसीका ग्रंथींचा कॅन्सर; त्यावर एबीव्हीडी, ही चार औषधांची केमो, दर पंधरा दिवसांनी एक असे बारा डोस, सोमवारपासून परळला टाटात सुरू. "त्याला जरा धीर द्या," म्हणाली. धीर मला जमत नाही. माझ्या वेळी लोकांनी इतका दिला की ठेवायला जागा उरली नव्हती. माझे उपचार दुसऱ्या गावी झाले, पण औषधं हीच. म्हणून कामाचं तेवढं लिहितो.

सोमवारच्या आधी करायचं एक काम आहे. वीर्य साठवून ठेवायचं का, हे डॉक्टरांना विचार. या औषधांनी पुढे मूल होण्यात कायमची अडचण सहसा येत नाही. पण औषधं बदलावी लागली तर? आई शेजारी असताना तू विचारणार नाहीस आणि ती तर नाहीच नाही. तिला चहा आणायला पाठव आणि विचार.

एक शंभर पानी वही घे. टेंपरेचर, पोट साफ झालं का, तोंड आलंय का, कोरडा खोकला आहे का, सगळं तारखेनिशी लिही. खोकल्याचं विशेष, कारण चारातलं एक औषध फुप्फुसांना त्रास देऊ शकतं. ओपीडीत तीन तास बसून नंबर लागतो आणि डॉक्टर "कसं काय?" म्हणाले की तोंडातून आपोआप "बरंय" निघून जातं. मी तसा तीनदा बाहेर आलो. तोंडात फोड, पाणी गिळवत नव्हतं, आणि मी "बरंय"!

लाल औषध सिस्टर सिरिंजने हळूहळू देतात. ते देताना जळजळलं तर तिथल्या तिथे सांग, ते शिरेबाहेर झिरपलं तर कातडी खराब करतं. एका पिशवीवर काळं आवरण दिसेल. उजेडाने ते औषध बिघडतं म्हणून. ते चढताना हात कोपरापर्यंत ठणकतो, तेव्हा वेग कमी करायला सांग. संध्याकाळी लघवी लालसर होईल, ते रक्त नव्हे. केस दोन-तीन आठवड्यांत उशीवर दिसू लागतील.

आता तापाचं. तिसऱ्या डोसनंतर दहाव्या दिवशी रात्री मला १०१ होता. बायको दिवसभराची दमून झोपलेली, तिला कशाला उठवा म्हणून पॅरासिटामॉल घेतली. ताप उतरला. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं. सकाळी उभं राहता येईना. पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या आणि रक्तात जंतू. अकरा दिवस वॉर्डात काढले. तुझं थर्मामीटर उशाशी असू दे. १००.४ दिसलं की गोळी न घेता फोन आणि थेट दवाखाना, रात्रीचे तीन वाजलेले असले तरी. पिशवी भरून दाराशी ठेव, फाइल सगळ्यात वर. आईला उठवायचं, मुळीच संकोच करायचा नाही.

खाण्याचं फार लिहीत नाही. फोडणीचा वास सोसवणार नाही, तेव्हा मऊ भात, तूप, मेतकूट. कच्ची कोशिंबीर आणि रस्त्यावरचा उसाचा रस बंद. कुणी काढे, गव्हांकुर, गोमूत्र घेऊन येईल. त्यांना "हो" म्हण, पण डॉक्टरांना दाखवल्याशिवाय तोंडाला लावू नकोस. "तू फायटर आहेस" म्हणणारेही येतील. नळीला जोडून खुर्चीत पडलेला माणूस कसला लढतोय? लढतं ते औषध. तुला वाटलं तर रड, भिंतीकडे तोंड करून झोप.

जळगावहून ये-जा करताना रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म भरून घे. स्लीपर आणि थर्ड एसीत पेशंटला तिकीट माफ असतं, सोबत्याला पाऊणपट सूट मिळते. राहण्यासाठी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा आहे का, ते दवाखान्यातल्या समाजसेवा विभागात विचारा. आईची पाठ दुखते, ती तुला सांगणार नाही.

सोमवारी सैल बाह्यांचा, पुढे बटणं असलेला शर्ट घाल. चार्जर विसरू नकोस, अख्खा दिवस जाईल. मंगळवारी सकाळी फोन कर. बोलावंसं वाटलं नाही तर नुसता टेंपरेचरचा आकडा पाठव.

तुझा,
काका