उमरेड रोडची स्वस्त जमीन की बुटीबोरी एमआयडीसी?

भाऊ, तुम्ही विचारलं की नागपूरजवळ फॅब्रिकेशनचं (लोखंडी स्ट्रक्चर बनवायचं) युनिट टाकायचंय, उमरेड रोडला शेताची जमीन स्वस्तात मिळून राहिली, मग एमआयडीसीत (सरकारी औद्योगिक वसाहतीत) जास्तीचे पैसे कशाला घालायचे. मी सात वर्षं गावाबाहेर खाजगी जमिनीवर काढली, नंतर बुटीबोरीत आलो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शेताची जमीन शेवटी स्वस्त पडत नाही. एनए म्हणजे बिगरशेती करा, नकाशा मंजूर करून आणा, बोअर मारा, विजेची लाइन स्वतःच्या खर्चानं ओढा आणि एवढं करून शेवटचा तुकडा कच्च्या रस्त्याचाच. पावसाळ्यात काळ्या मातीत माझा प्लेटचा ट्रेलर दीड दिवस रुतून होता, क्रेन बोलावली तर तीही फाट्यावरच थांबली. एमआयडीसीत जमीन औद्योगिकच असते, नकाशाही तेच मंजूर करतात, पाणी-रस्ता प्लॉटपर्यंत येतो. फक्त ती मालकीची नसते, ९५ वर्षांच्या लीजवर असते, बँकेकडे गहाण ठेवायची तरी त्यांची परवानगी लागते, हे घरच्यांना आधीच समजावून सांगा.

पण माझ्या मते खरा फायदा शेजाऱ्यांचा. जुन्या जागी प्रेसचं एक ऑइल सील गेलं की माणूस शहरात पाठवायचा, तो चुकीचं घेऊन यायचा, दिवस गेला. इथं लेझर कटिंग, पावडर कोटिंग, लेथवाले, वजनकाटा, हायड्रा क्रेन, सगळं फोनवर. मी बेंडिंग मशीन घेतलंच नाही, चार गल्ल्या पलीकडे जॉबवर्कवर करून मिळतं, ते पैसे मालात फिरतात. आणि कामही असंच येतं, माझी पहिली मोठी ऑर्डर चहाच्या टपरीवर ओळख झालेल्या एका मेंटेनन्सवाल्यानं दिली, त्यांच्या कन्व्हेयरचा स्ट्रक्चर रात्रीतून पाहिजे होता, आम्ही जवळ होतो म्हणून झालं. इंडोरामा, सिएटसारखे मोठे प्लांट इथंच आहेत, पण म्हणून लगेच काम मिळेल असं समजू नका, व्हेंडर म्हणून नाव लागायला वेळ जातो.

माणसांचं मात्र दोन्ही बाजूंनी आहे. वेल्डर आला नाही तर टाकळघाट, बुटीबोरीतून दुसरा मिळतो, पण तुम्ही शिकवलेला पोरगाही थोड्या जास्त पगारासाठी समोरच्या शेडमध्ये जातो. मी चांगल्या कारागिरांना वेळेवर पगार आणि ओव्हरटाइम देतो, तेच टिकलेत.

पिकलिंग (ॲसिडनं गंज काढणं) किंवा प्लेटिंग करणार असाल तर शेताच्या जमिनीचा विचारच करू नका, बुटीबोरीत सांडपाण्याचं सामायिक प्रक्रिया केंद्र आहे, शेतात ॲसिडचं पाणी सोडाल तर शेजारच्या विहिरी खराब होतील, प्रदूषण मंडळ तर नंतरची गोष्ट.

तुमची माणसं शहरातच राहत असतील तर हिंगणा एमआयडीसीही पाहा, मेट्रो लोकमान्य नगरपर्यंत येते. माल मुंबईकडे जाणार असेल तर समृद्धी महामार्गही त्याच बाजूनं, शिवमडक्याला सुरू होते.

प्लॉट घेतला तर ठरलेल्या मुदतीत बांधकाम करावंच लागतं, नाही तर दंड बसतो, म्हणून माझं ऐकाल तर आधी वर्षभर भाड्यानं शेड घ्या. पोटभाड्याची एमआयडीसीची लेखी परवानगी मालकाकडे आहे का ते बघूनच ॲडव्हान्स द्या, माझ्या ओळखीतल्या एकाचं तिथंच अडकलं होतं. विजेचा किती लोड लागेल आणि ईओटी क्रेन (शेडमध्ये वर रुळांवर फिरणारी) बसवायची का तेवढं लिहा, मग शेडची उंची किती घ्यायची ते सांगतो.