शैक्षणिक कर्ज थकलं आणि पगार कापण्याचं पत्र आलं

सर, तुम्ही राजापूरच्या किनारपट्टीला जिल्हा परिषद शाळेवर आहात. मुलाच्या इंजिनीअरिंगच्या कर्जावर सहकर्जदार म्हणून सही केलीत, मुलगा मुंबईत नोकरी शोधतोय, ७ हप्ते थकले, आणि बँकेने तुमच्या पगारातून कपात करा म्हणून गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र धाडलं. निम्मा पगार जाईल का, असं विचारलंय. मी सिंधुदुर्गात पंचायत समितीत २२ वर्षं पगारबिलं केली, त्यावरून सांगतो.

आधी त्या पत्राची नक्कल मागून घ्या. नुसत्या बँकेच्या पत्रावर कार्यालयाला पगार कापता येत नाही. कोर्टाचा जप्ती आदेश लागतो, नाहीतर तुमची स्वतःची लेखी संमती. कर्जाच्या वेळी सह्यांच्या गठ्ठ्यात तशी संमती गेली आहे का, हे बँकेकडून कागद मागवून तपासा. पतपेढीचं वेगळं असतं. सहकार कायद्याच्या कलम ४९ प्रमाणे सभासदाने करारातच कपातीला मान्यता दिलेली असते.

हे एवढं ठासून सांगतोय, कारण नोकरीच्या सुरुवातीला एका शिक्षिकेच्या पगाराला मीच अशा पत्रावर तीन महिने कपात लावली होती. गणपतीच्या आदल्या आठवड्यात बाई माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा मी तो कागद नीट वाचला. त्यांचे पैसे परत मिळायला वर्ष गेलं. ती बोच अजून आहे.

कोर्टाचा आदेश आलाच, तर दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० आहे. सरकारने जप्तीतून वगळलेले भत्ते बाजूला काढायचे. उरलेल्यातले पहिले १,००० रुपये आणि बाकीचे दोन तृतीयांश सुरक्षित. म्हणजे भत्ते काढून ६१,००० उरले, तर महिन्याला फार तर २०,००० जातील. एकाच हुकूमनाम्यासाठी, म्हणजे कोर्टाच्या एकाच निकालासाठी, एकूण २४ महिने कपात झाली, की त्या हुकूमनाम्यापुरता पगार सुटला. भविष्य निर्वाह निधीला हात लागत नाही.

पण व्याज चालूच राहतं, आणि तुम्ही सहकर्जदार असल्याने बँक सगळी रक्कम तुमच्याकडे मागू शकते. म्हणून दावा लागण्याआधी मुलाला बरोबर घेऊन शाखेत जा, मुदत वाढवून हप्ता कमी करून मागा. नाहीच ऐकलं, तर रत्नागिरीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दाखलपूर्व, म्हणजे कोर्टात दावा दाखल होण्याआधीचं, प्रकरण म्हणून लोकअदालतीत ठेवायला सांगा. तिथला निवाडा हुकूमनाम्यासारखा लागू होतो, त्यावर अपील नाही. तेव्हा घरखर्च काढून झेपेल तेवढाच हप्ता कबूल करा. पगार त्याच बँकेत जमा होत असेल, तर खात्यातून हप्ता आपोआप वळता करण्याची सूचना दिलेली आहे का, तेही त्याच दिवशी विचारून घ्या.