बाबांची गाडी विकताना फसवणूक कशी टाळायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बाबांची २०१५ ची स्विफ्ट चिंचवडला उभी आहे, डीलर भाव पाडून मागतोय म्हणून तुम्ही स्वतःच ऑनलाइन जाहिरात टाकली. पहिल्याच दिवशी एका फौजी माणसाचा बाबांना फोन आला. गाडी न बघताच त्याला सौदा मान्य. इसार म्हणून वीस हजार लगेच पाठवतो, बाबांनी फक्त त्याने पाठवलेला क्यूआर कोड स्कॅन करायचा. हे खरं असेल का, आणि नसेल तर गाडी नीट विकायची कशी?

खरं नाही. बाबांना तो कोड स्कॅन करू देऊ नका. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही. आधी एक रुपया किंवा दहा रुपये खरंच पाठवून तो विश्वास बसवेल, मग मोठ्या रकमेचा कोड पाठवेल, आणि पिन टाकला की पैसे बाबांच्याच खात्यातून जातील. गणवेशातला फोटो, ओळखपत्र, "बदली झालीय, उद्याच निघायचंय" हे सगळं तो पाठवेल, कारण आपल्या घरांमध्ये फौजीच्या शब्दावर शंका घेत नाहीत हे त्याला माहीत आहे. खरा जवान स्वतः येऊ शकला नाही तर भावाला पाठवेल, मित्राला पाठवेल, ओळखीचा मेकॅनिक पाठवेल. न बघता गाडी कुणी घेत नाही.

आता दुसरा प्रश्न, आणि इथे मला जास्त बोलायचंय. क्यूआर कोडबद्दल आता बरेच जण सावध झालेत. पण गाडीच्या व्यवहारातल्या ज्या दोन फसवणुकी मी जवळून पाहिल्या, त्यात ना कोड होता ना ओटीपी. त्यातून मी एक गोष्ट धरून ठेवली आहे: पैसे देणारा, गाडी नेणारा आणि आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, ज्याचं नाव चढणार तो, हे तिन्ही एकच माणूस असले पाहिजेत. त्यात दुसरं कुणी आलं की थांबायचं.

पहिली फसवणूक माझ्या मावसभावाची. नाशिकला त्याने बलेनो विकायला काढली होती, सव्वापाच लाखांना. एकाने फोनवरच पूर्ण किंमत मान्य केली, घासाघीस नाही. फोटो, व्हिडिओ, आरसीचा फोटो मागून घेतला. मग म्हणाला, "माझं एकाचं देणं आहे, त्याला ही गाडी देतोय. तो बघायला येईल, पण त्याच्याशी किमतीचं बोलू नका, तो आमचा आतला हिशेब आहे." तिकडे त्याच फोटोंवर त्याने तीच गाडी तीन लाख नव्वद हजारांना जाहिरातीत टाकली होती, आणि येणाऱ्या जोडप्याला सांगितलं होतं, "गाडी माझ्या मेहुण्याकडे आहे, त्याच्याशी पैशांचा विषय काढू नका, त्याला वाईट वाटतं." दोघेही शिक्षक, सिन्नरहून आले. गाडी आवडली. भावाच्या दारात उभं राहून त्यांनी पैसे पाठवले, त्या तिसऱ्या माणसाला. आणि किल्लीसाठी हात पुढे केला. भावाच्या खात्यात एक पैसा आला नव्हता.

त्या संध्याकाळी दोन सरळ घरं एकमेकांना चोर म्हणत पोलीस ठाण्यात बसली होती. गाडी भावाकडे राहिली, पण त्या शिक्षकांची सगळी शिल्लक गेली, आणि त्या बाईंचा चेहरा भाऊ अजून विसरलेला नाही. दारात आलेल्या माणसाला "तुम्ही किती देताय आणि कुणाला?" एवढं विचारलं असतं तर तिथेच उलगडा झाला असता. "त्याच्याशी किमतीचं बोलू नका" हे वाक्य कुणीही, कुठल्याही कारणाने उच्चारलं तर तो सौदा तिथेच सोडा.

दुसरी माझी स्वतःची. २०१८ साली मी साताऱ्याला एका एजंटला वॅगनआर विकली. पैसे पूर्ण मिळाले, रोखीने नव्हे, खात्यात. म्हणून मी निर्धास्त होतो. त्याने मालकी बदलायचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म पुढे केले आणि म्हणाला, "खरेदीदाराचा रकाना कोरा ठेवा, ग्राहक मिळाला की मी भरतो." सगळेच असं करतात, म्हणून मीही सह्या केल्या. त्याने गाडी पुढे विकली, त्या माणसाने आणखी पुढे. नाव माझंच. वर्षभराने सोलापूरकडची चलनं माझ्या मोबाइलवर यायला लागली. त्यानंतर पोलिसांचा फोन: बार्शीजवळ त्या गाडीने एका दुचाकीवाल्याला उडवलं होतं, त्याचा पाय मोडला, विमा संपलेला. नुकसानभरपाईच्या दाव्यात माझं नाव होतं आणि दोन वर्षं मी त्या तारखांना जात होतो.

मी विकल्याचा कागद दाखवला, नोटरी केलेला. त्याने सुटका होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट सांगितलंय की आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव, तोच मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच. गाडी मधल्या मध्ये कितीही हातांतून गेलेली असो. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीत लाल किल्ल्याजवळ स्फोट झाला, त्यातली गाडीही अशीच अनेकदा विकली गेली होती, आणि तपास आधी कागदोपत्री मालकाच्या दारात गेला. म्हणून कळकळीने सांगतो, बाबांना कोऱ्या फॉर्मवर सही करू देऊ नका. पूर्ण रक्कम मिळाली तरी नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. तो तुमचा हक्कही आहे, घेणाऱ्यावर विसंबून राहू नका. व्यवहाराच्या दिवशी ग्राहकाला शेजारी बसवून सरकारच्या परिवहन साइटवर मालकी ट्रान्सफरचा अर्ज भरा, फी भरा, अर्ज क्रमांक घ्या, आणि मगच किल्ली द्या. अर्ज भरताना ओटीपी येतो, म्हणून आधी एक गोष्ट तपासा: आरसीला जोडलेला मोबाइल नंबर खरंच बाबांचा आहे का? जुन्या गाड्यांना कधी शोरूमचा, कधी एजंटचाच नंबर लागलेला असतो. तो आधी बदलून घ्या. गाडी ताब्यात दिल्याची पावती करा, त्यावर तारीख आणि वेळ दोन्ही लिहा, ग्राहकाच्या आधार आणि लायसन्सची प्रत जोडा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि कर्जाची नोंद काढायचा ३५ नंबरचा फॉर्म लागतो. ग्राहक दुसऱ्या राज्यातला असेल तर आरटीओची एनओसी.

शेवटी डीलरलाच द्यायची ठरली तर तो आरटीओकडून अधिकृत आहे का ते विचारा. एप्रिल २०२३ पासून अशा डीलरला गाडी देताना २९सी नंबरचा फॉर्म ऑनलाइन भरला जातो आणि तिथून पुढची जबाबदारी त्याची. "अहो, त्याची काही गरज नसते" असं म्हणणाऱ्याकडे गाडी देऊ नका. तो फॉर्म माझ्या वेळी नव्हता. असता तर माझी ती दोन वर्षं वाचली असती.

पैशांचं. शक्यतो बाबांच्या बँकेच्या शाखेत भेटा. ग्राहकाच्या स्वतःच्या खात्यातून आरटीजीएस किंवा आयएमपीएस, आणि रक्कम जमा झाली की नाही ते बाबांच्या बँकेच्या ॲपमध्ये किंवा काउंटरवर बघायचं. त्याच्या मोबाइलवरचा स्क्रीनशॉट आणि आलेला एसएमएस, दोन्ही बनवता येतात. चेक वटेपर्यंत गाडी हलू द्यायची नाही. डीडीही खोटा निघू शकतो. घ्यायचाच तर ज्या शाखेतून काढला तिथे सोबत जा. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेऊ नका, कारण त्याचा दंड घेणाऱ्याला बसतो आणि तो घेतलेल्या रकमेएवढा असतो. "मित्राच्या खात्यातून पाठवतो" हेही नको. ते पैसे कुणाच्या तरी सायबर फसवणुकीतले निघाले तर बाबांचं खातं गोठतं, आणि पेन्शन त्याच खात्यात येत असेल तर घरखर्च अडतो.

ट्रायलला एकट्याला गाडी देऊ नका, लायसन्स बघून शेजारी बसा, मूळ आरसी घरात ठेवा. विमा नव्या मालकाच्या नावावर करायला कायद्याने १४ दिवस आहेत. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, मात्र बाबांचाच, तो गाडीबरोबर जात नाही, तेव्हा विमा कंपनीकडून त्याचं पत्र मागून घ्या. फास्टॅग त्याच दिवशी बंद करा, नाहीतर नव्या मालकाचे टोल तुम्ही भरत राहाल.

आणि त्या फौजीचं. बाबांनी पिन टाकलाच असेल तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त. पैसे गेले नसतील तर त्याचा नंबर सरकारच्या संचार साथी साइटवर 'चक्षू' या संशयित फोन-मेसेज कळवायच्या विभागात नोंदवा. बाबांनी त्याला आरसीचे किंवा गाडीचे मोठे फोटो पाठवलेत का, तेही आजच विचारा, रागावून नको, नाहीतर ते सांगणार नाहीत. पाठवले असतील तर जुन्या गाड्यांच्या सगळ्या साइटवर तुमची स्विफ्ट शोधा. कमी किमतीत, वेगळ्या फोन नंबरखाली तीच गाडी दिसली तर त्या साइटला आणि पोलिसांना कळवा, कारण तिकडे सिन्नरच्या त्या जोडप्यासारखं कुणीतरी आत्ता पैशांची जुळवाजुळव करत असेल.