ड्रोनचं ४के शूटिंग एडिट करून पाठवलं की धुरकट का होतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गणपतीत गावी गेलात तेव्हा ड्रोनने भाताची खाचरं, खाडी आणि समुद्र ४केमध्ये शूट केला. ड्रोनच्या अॅपमधून व्हिडिओ फोनवर घेतला, फोनवरच कापून-जोडून गाणं लावलं, घरच्या ग्रुपवर व्हॉट्सअॅपने टाकला आणि यूट्यूबवर चढवला. फोनवर ठीक दिसला, पण टीव्हीवर लावल्यावर शेताच्या जागी हिरवे डाग आणि लाटांच्या जागी चौकोनी ठोकळे दिसले. एक्स्पोर्ट करताना कुठली सेटिंग चुकली, असं तुम्ही विचारलंय.

मी चिपळूणच्या बाजूला लग्नाची आणि घरा-जागांची शूटिंग करतो. हाच प्रश्न मला गणपतीत आणि शिमग्यानंतर हमखास येतो. तुम्ही सांगितलेल्या क्रमावरून मला दोन गोष्टी दिसतात. एक तर तुम्ही ज्या फाइलवर काम केलंत ती बहुधा मूळ फाइल नव्हतीच. आणि त्यानंतर ती फाइल आणखी दोन-तीन वेळा नव्याने एन्कोड झाली, म्हणजे दाबून लहान करून पुन्हा लिहिली गेली. शेवटच्या सेटिंगचा दोष यात फार थोडा असावा.

आधी मूळ फाइलचं. ड्रोन उडत असताना फोनवर जे चित्र दिसतं ते रेडिओवरून आलेलं, कमी रिझोल्युशनचं चित्र असतं. अॅपमध्ये 'कॅशे'ची सोय चालू असेल तर तेच चित्र रेकॉर्डिंगच्या वेळी फोनमध्ये साठतं. नंतर अॅपची गॅलरी उघडली की ते समोर दिसतं आणि माणूस खुशाल तेच एडिट करायला घेतो. खरा ४के व्हिडिओ त्या वेळी ड्रोनमधल्या मायक्रोएसडी कार्डावर असतो. ओळखायचं कसं? फाइलचा तपशील उघडा. ३८४० × २१६० असेल तर मूळ. १९२० × १०८० किंवा १२८० × ७२० दिसलं तर ती कॅशेची. आकारावरूनही कळतं. तुमचा ड्रोन सेकंदाला १०० मेगाबिटने रेकॉर्ड करत असेल तर सेकंदाला साडेबारा एमबी (८ मेगाबिटचा १ एमबी), म्हणजे मिनिटाला साधारण ७५० एमबी. एक मिनिटाचा क्लिप ४०-५० एमबीचा निघाला तर पुढचं काही वाचण्याआधी कार्ड शोधा.

कार्ड रीडर घ्या आणि कार्डावरून थेट कॉम्प्युटरवर कॉपी करा. नुसत्या कॉपीने दर्जा कधीच कमी होत नाही, मग ती दहा वेळा का करेना. दर्जा कमी होतो तो नव्याने एन्कोड झाल्यावर. लांब शॉटच्या साधारण ४-४ जीबीच्या दोन-तीन फाइली झालेल्या दिसतील, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. एफएटी३२ पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, म्हणून हे तुकडे पाडायची रीत आहे. 'लॉसलेसकट' नावाच्या मोफत सॉफ्टवेअरने ते पुन्हा एन्कोड न करता जोडता येतात. नुसते नको असलेले भाग उडवायचे असतील तेव्हाही मी तेच वापरतो. फक्त त्यात कट अगदी हव्या त्या फ्रेमवर बसत नाही, थोडा मागेपुढे होतो. तो का, हे पुढे येईल.

आता शेताचे डाग. हा भाग नीट समजून घ्या, बाकीचं सगळं आपोआप उलगडतं.

एच.२६४ असो की एच.२६५, दोन्ही कोडेक (व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धती) सगळ्या फ्रेम पूर्ण साठवत नाहीत. मधूनमधून एखादी फ्रेम पूर्ण साठवतात आणि मधल्या फ्रेमांमध्ये काय बदललं, काय कुठे सरकलं, एवढंच टिपतात. (कट अशा पूर्ण फ्रेमवरच बसतो, म्हणून मघाचा तो मागेपुढेपणा.) लग्नमंडपात कॅमेरा स्टँडवर असतो. नवरानवरी हलतात, भटजींचे हात हलतात, पण मागचा पडदा, खुर्च्या, खांब सगळं जागच्या जागी. कोडेकला काम थोडं. ड्रोन खाचरांवरून पुढे सरकत असतो तेव्हा मात्र चित्रातला एकही बिंदू जागेवर नसतो. त्यात भाताला लोंब्या आलेल्या, वारा सुटलेला, पात न् पात वेगळ्या दिशेला डुलतेय. समुद्राचंही तसंच, लाटेवरची चकाकी आधीच्या फ्रेममध्ये नव्हतीच, मग 'तीच इकडे सरकली' असं लिहिणार कसं? माडाच्या झावळ्या, पाऊस, धबधबा, पालखीसमोर उधळलेला गुलाल, ही सगळी कोडेकला जड जाणारी दृश्यं. दर सेकंदाला खर्चायला जेवढे बिट दिलेत (यालाच बिटरेट म्हणतात) तेवढ्यात हे मावलं नाही की कोडेक आधी बारीक तपशील टाकून देतो. पाती गेल्या की उरतो तो हिरवा डाग.

म्हणून 'मी ४केमध्येच एक्स्पोर्ट केलं होतं' हे पुरेसं नाही. ४के म्हणजे फ्रेममध्ये ८३ लाखांच्या आसपास बिंदू, १०८०पीच्या चौपट. त्या बिंदूंना पुरेसा बिटरेट मिळाला नाही तर ते ४केच राहतात, पण आत माती असते. कमी बिटरेटच्या ४केपेक्षा भरपूर बिटरेटचं १०८०पी शेतावर आणि पाण्यावर अधिक चांगलं दिसलेलं मी कितीदा पाहिलंय.

आणि प्रत्येक नव्या एन्कोडिंगला हेच पुन्हा घडतं. सातबाऱ्याच्या झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेलं की गट नंबर कसा पुसट होत जातो, तसं. त्यात आणखी एक वाईट गोष्ट अशी की दुसऱ्या वेळचा कोडेक पहिल्याने केलेले ठोकळेसुद्धा खरा तपशील समजतो आणि ते जपण्यात बिट खर्च करतो.

तेव्हा माझा नियम एकच. मूळ फाइल ते बघणारा यांच्यामध्ये माझ्या हातून एन्कोडिंग एकदाच व्हायला हवं. यूट्यूब, इन्स्टाग्राम आपापलं एन्कोडिंग करणारच, त्याला इलाज नाही. पण व्हॉट्सअॅपवर पाठवलेला व्हिडिओ डाउनलोड करून तोच इन्स्टावर टाकायचा, किंवा एका अॅपमध्ये कापून दुसऱ्यात रंग आणि तिसऱ्यात गाणं, हे बंद करायचं.

एडिटिंग शक्यतो कॉम्प्युटरवर करा. डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती ३८४० × २१६०पर्यंत एक्स्पोर्ट देते, तुम्हाला तेवढं पुष्कळ आहे. टाइमलाइन सुरुवातीलाच ४के आणि शूट केलेल्या फ्रेमरेटची (सेकंदाला जितक्या फ्रेम, तितक्याची) ठेवा. ३० फ्रेमचं फुटेज २५च्या टाइमलाइनवर टाकलं की ड्रोन पुढे जाताना चित्र अडखळतं आणि लोक त्यालाही 'क्वालिटी गेली' म्हणतात. कॉम्प्युटर जुना असेल तर ४के, विशेषतः एच.२६५, अडकत अडकत चालेल. त्यासाठी मूळ फुटेज आधी 'हलकं' करून घ्यायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल, तो ऐकू नका. प्रॉक्सी बनवा. एडिट करताना हलकी प्रत दिसते, शेवटी रेंडर मात्र मूळ फाइलवरून होतं. डीजेआयच्या अलीकडच्या काही ड्रोनच्या कार्डावर व्हिडिओशेजारी एलआरएफ नावाची छोटी फाइल असते. ती अशीच कमी रिझोल्युशनची प्रत आहे. शेवटचं नाव बदलून एमपी४ केलं की उघडते. हीसुद्धा मूळ समजून कुणाला पाठवू नका.

फोनवरच एडिट करायचं असेल तर चालेल, पण मूळ फाइल कार्डावरून फोनमध्ये घ्या आणि एक्स्पोर्टला रिझोल्युशन ४के आणि बिटरेट सगळ्यात वरचा निवडा. बऱ्याच अॅपमध्ये आपण हात लावेपर्यंत १०८०पीच असतं.

रंगाबद्दल एकच सांगतो. साध्या ८ बिट फुटेजमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १० बिटमध्ये १०२४. संध्याकाळच्या आकाशात केशरी रंग ओढून वाढवला की ८ बिटमध्ये त्या पायऱ्या पट्ट्यांसारख्या उघड्या पडतात. शिमग्यातल्या एका पालखीच्या शूटिंगमध्ये सूर्यास्त मी असाच खराब केला होता. ड्रोनमध्ये १० बिट असेल तर ते वापरा, नसेल तर शूट करतानाच एक्स्पोजर नेमकं ठेवा आणि नंतर रंगाला हलकाच हात लावा.

शूटिंगचंही थोडं हातात असतं. ज्या ड्रोनमध्ये शार्पनेस कमी करता येतो तिथे मी तो एक घर खाली ठेवतो. कृत्रिम शार्पनेसने प्रत्येक पात्याला कड येते आणि ती साठवायला बिट जातात. भर उन्हात शटर १/१००० वर गेलेलं असतं. लेन्सवर एनडी१६ फिल्टर, म्हणजे प्रकाश अडवणारी काळपट काच, लावला की प्रकाश १६ पट कमी होतो आणि तेच एक्स्पोजर १/६०च्या आसपास मिळतं. ३० फ्रेमला हे बरोबर बसतं. हालचाल डोळ्याला मऊ दिसते आणि कोडेकचाही भार हलका होतो. आणि ड्रोन सावकाश न्या. जमिनीपासून दहा फुटांवरून सुसाट नेलेला शॉट कुठल्याच बिटरेटला झेपत नाही.

एक्स्पोर्ट. यूट्यूब स्वतः ४केसाठी २४-३० फ्रेमला ३५ ते ४५ आणि ४८-६० फ्रेमला ५३ ते ६८ मेगाबिट सुचवतं. शेत-समुद्र असेल तर मी ३० फ्रेमलाही ६०-७० देतो. फाइल मोठी होते, चढवायला रात्र लागते, लागू दे. चढवल्यावर लगेच बघून हिरमुसू नका. यूट्यूब आधी हलकी आवृत्ती तयार करतं, ४के बऱ्याच वेळाने येतं. तुमचा व्हिडिओ १०८०पीच असला तरी १४४०पी किंवा ४के करून चढवा, कारण वरच्या रिझोल्युशनला यूट्यूब व्हीपी९सारखा चांगला कोडेक देतं. लहान चॅनेलच्या १०८०पीला बहुतेक वेळा जुना एच.२६४ मिळतो. व्हिडिओवर राइट क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडलं की कुठला मिळाला ते दिसतं.

इन्स्टाग्रामच्या रीलसाठी तुमच्या ४के टाइमलाइनवरूनच उभी फ्रेम कापा. २१६० उंचीच्या चित्रातून उभी पट्टी घेतली तर रुंदी १२१५ भरते आणि लागते १०८०, म्हणजे हरवत काहीच नाही. १०८० × १९२०ला एक्स्पोर्ट करा आणि अॅपच्या सेटिंगमध्ये उच्च दर्जाने अपलोड करण्याचा पर्याय चालू करा.

व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवाल तर तो चिरडला जाणारच, एचडी निवडलं तरी. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, फाइल जशीच्या तशी जाते, २ जीबीपर्यंत. ४५ मेगाबिटचा तीन मिनिटांचा व्हिडिओ साधारण १ जीबी होतो, आरामात बसतो. गूगल ड्राइव्हची लिंक दिलीत तर 'डाउनलोड करून बघा' हे आवर्जून लिहा, कारण लिंकवर दिसतं ते ड्राइव्हने बनवलेलं हलकं चित्र. गूगल फोटोजमध्ये 'स्टोरेज सेव्हर' चालू असेल तर ४के व्हिडिओ १०८०पीवर येतो, तेही एकदा तपासा. घरच्या वडीलधाऱ्यांसाठी मात्र मी सरळ पेनड्राइव्ह देतो. टीव्हीला लावला की झालं.

मूळ फुटेज ठेवायचं की नाही, हे तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो. काही वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका कुटुंबासाठी त्यांचं गावचं कौलारू घर शूट केलं होतं. डिस्कवर जागा हवी म्हणून मी मूळ फुटेज पुसलं आणि तयार १०८०पी व्हिडिओ तेवढा ठेवला. पुढे ते घर पाडलं गेलं. त्यांच्या काकूंनी अंगणातल्या तुळशीचा, वरून घेतलेला मोठा फोटो मागितला. माझ्याकडच्या फ्रेममध्ये वृंदावनाच्या जागी एक तांबूस ठिपका होता. एआयने मोठं करून पाहिलं, तर त्याने वृंदावनाला नसलेली नक्षी काढली. ते मी त्यांना पाठवलं नाही. तेव्हापासून दोन वेगळ्या हार्डडिस्कवर मूळ प्रत गेल्याशिवाय मी कार्ड फॉरमॅट करत नाही.

गणपतीनंतर तुम्ही तेच कार्ड पुन्हा वापरलं नसेल तर तुमचं मूळ फुटेज त्यावर अजून असणार. ड्रोन उडवू नका, कार्ड बाहेर काढा, आधी कॉपी करा. मग फाइलच्या तपशिलात रिझोल्युशन आणि एका मिनिटाचा आकार किती दिसतो ते इथे खाली लिहा, म्हणजे पुढचे एक्स्पोर्टचे आकडे तुमच्या ड्रोनप्रमाणे नेमके सांगता येतील.